काळजात तार, ताटात रोट

मी हॉस्पिटलात, हृदयाच्या कॅथलॅबमध्ये नोकरीला लागलो तेव्हा माझी उंची पाच फूट अकरा इंच होती. निवृत्त झालो तेव्हा पाच फूट सात. मधले चार इंच शिशाच्या एप्रनने खाल्ले. क्ष-किरण अंगात शिरू नयेत म्हणून तो घालायचा असतो. त्याचं वजन आमच्या मंडळींच्या मते सात-आठ किलो, माझ्या मते चाळीस. त्या खोटं बोलत नाहीत आणि मीही बोलत नाही. त्यांनी तो एकदा उचलून पाहिला आणि मी तो जन्मभर अंगावर वागवला, एवढाच काय तो फरक.

आणि आतली थंडी. यंत्र तापू नये म्हणून लॅब गार ठेवतात. बाहेर मे महिन्याच्या उन्हात जळगावचं डांबर चपलेला चिकटून घरी येतं आणि आत आम्ही गुलमर्गला. एकदा एक माशी चुकून आत शिरली होती. बाहेर जाताना ती शिंकत गेली. हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझी निम्मी नोकरी धुळ्यात झाली आणि निम्मी जळगावात. धुळेकर म्हणतात मी जळगावचा आणि जळगावकर म्हणतात मी धुळ्याचा. दोघेही मला एकमेकांकडे ढकलतात, पण छातीत कळ आली की दोघेही माझाच फोन लावतात. खरं तर मी दोन्हीकडचा नाही. वडील साताऱ्याकडून एसटीच्या नोकरीला धुळ्यात आले आणि खानदेशी वांग्याचं भरीत खाऊन इथेच राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता धंदा समजावून सांगतो. डॉक्टर तुमच्या मनगटाची नाडी बघतात ना, तिथल्या रक्तवाहिनीत एक सुई जाते. सुईतून केसासारखी तार आणि तारेवरून शेवईएवढी नळी. ती दंडातून, खांद्याच्या वळणावरून थेट हृदयाच्या दाराशी नेतात. नळीतून एक औषध सोडलं की पडद्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या पानगळ झालेल्या झाडासारख्या काळ्याभोर उमटतात. जिथे फांदी एकदम बारीक दिसते तिथे घोटाळा. मग तार त्या घोटाळ्याच्या पलीकडे न्यायची, तारेवरून एक चिमुकला फुगा आणि फुग्यावर बसवलेली जाळी न्यायची. फुगा फुगवला की जाळी उघडते आणि भिंतीला टेकून बसते. तिचं नाव स्टेंट. फुगा, तार, नळी सगळं परत येतं आणि जाळी तिथेच राहते.

तार घालायचे डॉक्टरसाहेब. हवं ते सामान क्षणात हातात देणं, हृदयाच्या आलेखावर डोळा ठेवणं आणि त्या फुग्याच्या पंपाची मूठ पिळणं हे माझं काम. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला लाजवील इतका दाब मी तांदळाच्या दाण्याएवढ्या फुग्यात भरलेला आहे. साहेब म्हणायचे, "काका, सावकाश." मी म्हणायचो, "साहेब, सावकाशच आहे, दिसायला जोरात दिसतं."

या सगळ्यात पेशंटला पूर्ण भूल नसते, फक्त मनगट बधिर. तो जागा असतो, ऐकत असतो, बोलत असतो. आमच्या धंद्याची सगळी गंमत त्यात आहे आणि सगळी अडचणही.

दोंडाईचाचे एक शेठजी आले होते. राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं, कापडाचं मोठं दुकान. टेबलावर झोपूनही माल पारखायची नजर गेली नव्हती. स्टेंटचं पाकीट फाडलं तसं म्हणाले, "पहले दाखवा." मी लांबून दाखवलं. शेठजींनी दोन बोटं हवेतच चोळली, कापडाचा पोत बघतात तशी.

"एवढंसं? अजून काही व्हरायटी?"

साहेब म्हणाले, "शेठजी, तुमच्या मापाचा हाच आहे."

"मापाचं मी गिऱ्हाइकाला सांगतो, मला कोण सांगणार? वीण घट्ट आहे ना? धुतल्यावर आटत नाही ना?"

फुगा फुगवताना छातीत कळ आली तेव्हा शेठजी गप्प झाले. कळ गेली, रक्त धावलं, तसे म्हणाले, "बसला. फिटिंग चांगली आहे." त्यानंतर मी दोंडाईचाला गेलो की माझ्या गळ्यात शर्टाचं कापड पडतं. त्यामुळे दोंडाईचा हे नाव माझ्या जिभेच्या टोकावर असतं. हेही लक्षात ठेवा.

सगळेच असे उठून दुकानात परत गेले असं मात्र नाही. यावलच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून एक माणूस दोन एसट्या बदलून आला होता. दोन दिवस पित्त समजून ओवा खात होता. आम्ही वाहिनी उघडली, पण तोवर हृदयाचा तो भाग मेला होता. त्याची बायको बाहेर बाकावर हातात बसचं तिकीट धरून बसली होती, परतीला लागेल म्हणून. या गोष्टीत मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नाही.

आता नाना.

नाना चोपड्याकडचे, तापीकाठचे केळीवाले. केळीइतकंच प्रेम ठिबक सिंचनावर. आषाढात छातीत दुखलं म्हणून मुलाने आणलं. पडद्यावर स्वतःच्या हृदयाच्या वाहिन्या उमटल्या आणि नाना टेबलावरून मान वळवून बघायला लागले.

"भाऊ," मला म्हणाले, "हाई ते मना वावरनं ड्रिप शे."

मी म्हटलं, "कसं काय नाना?"

"हाई मेन लाइन, ह्या लॅटरल. आनि तठे देख, तठे चोक शे." आणि खरंच, नानांची हनुवटी ज्या जागेकडे वळली होती तिथेच साहेबांचीही नजर होती. "मंग ॲसिड सोडी द्या ना. आम्ही नळीमा ॲसिड सोडतस, बठ्ठा क्षार निंघी जास."

साहेब हसले. साहेब नाशिककडचे, तरुण, हात असा हलका की तार स्वतः विचारायची, जाऊ का आत. म्हणाले, "नाना, ॲसिड सोडलं तर लाइन राहील आणि शेतकरी जाईल. आपण जाळी बसवू."

जाळी बसली. घरी सोडताना साहेबांनी नानांना आणि त्यांच्या मंडळींना समोर बसवून सांगितलं. त्या माउलीला सगळं गाव अक्का म्हणतं. साहेब म्हणाले, "ही जाळी शरीराला परकी आहे. रक्त परक्याला बघून त्याच्यावर गोठायला धावतं. त्याला आवरायला या दोन गोळ्या. वर्षभर तरी एक दिवसही चुकवायची नाही. चुकली तर जाळी बंद आणि तुम्ही पुन्हा इथे. तेही पोचलात तर."

नाना म्हणाले, "साहेब, मना ट्रॅक्टरनी सर्व्हिस कधी चुकनी नही. गोळी कशी चुकी?"

आणि श्रावणात, कानबाईच्या आठवड्यात, भर दुपारी नाना परत आले. रंग राखेसारखा, कपाळावर घाम, हात छातीवर. मुलगा धरून आणत होता. मागे अक्का, काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं.

आलेख काढला. साहेबांनी तो एकदाच पाहिला. "स्टेंट बंद झालाय. गोळ्या चालू आहेत ना?"

मुलाने फरशीकडे पाहिलं. अक्कांनीच उत्तर दिलं. "रोट चालू शेतस ना साहेब."

"कसले रोट?"

साहेबांना मी जे घाईत सांगितलं ते तुम्हाला जरा सावकाश सांगतो. खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साज चढवून देवी मांडतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. भाऊबंदांतल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचा, घरीच दळायचा, त्याचे रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, उद्या कलेक्टर दारात उभा राहिला तरी त्याला पाण्यावरच परत जावं लागतं. प्रत्येक घराची शिस्त वेगळी, पण नानांच्या घरची सगळ्यात कडक. रोट संपेपर्यंत बाहेरचा कण तोंडात घालायचा नाही. बाहेरचा चहा नाही, पान नाही, तंबाखू नाही. हृदयाच्या दृष्टीने याहून चांगली देवी मला तरी माहीत नाही. पण नानांनी विचार केला की गोळी तर दुकानातून आली, म्हणजे ती बाहेरची. आणि रविवारपासून गोळ्या बंद.

नर्सने गोळ्या हातावर आणल्या. त्या चावून आत्ताच पोटात जायला हव्या होत्या. नानांनी तोंड मिटलं.

"नाना, उघडा," साहेब म्हणाले.

नानांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"बाबा, असं काय करी राह्यनात," मुलगा रडकुंडीला आला होता. "देवी काय तुम्हले मरी जा सांगस का?"

नाना दम लागत लागत बोलले, "टोपलीमा रोट बाकी शेतस. मना बापनी कधी मोडं नही. मी बी मोडाव नही. तुम्हले तार घालनी शे ना, घाला."

साहेब खाली वाकले. आवाज चढवला नाही. "नाना, तार मी घालीन, जाळी उघडीनही. पण पोटात गोळी नसेल तर मी हात काढला की ती पुन्हा बंद होईल. मग माझ्याकडे काही उरणार नाही."

नानांचं तोंड मिटलेलं. आलेखावरची रेघ मला आवडेनाशी झाली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा साहेबांना एरवी काही उपयोग असो नसो, नानांच्या बोलीतलं मला कळतं एवढं त्यांना ठाऊक होतं.

आणि माझी जीभ सुटली.

"नाना, आमच्या आजोळी पण कानबाई बसते," मी म्हटलं. "तिथली रीत अशी की घरात कोणी आजारी असलं की त्याचं औषध कानबाईपुढे रोटाशेजारी ठेवतात. तिचा हात लागला की औषध बाहेरचं राहत नाही, नैवेद्यच होतं. काढ्याच्या काळापासून आहे. माझ्या आजीने तर एकदा वैद्यालाच आणून देवीपुढे बसवलं होतं."

वैद्याची भर जरा जास्त झाली हे मलाही कळलं. पण बाण सुटला होता.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "कोठे शे तुमनं आजोळ?"

आजोळ साताऱ्याकडे कृष्णाकाठी. पण जिभेच्या टोकावर शेठजींचं गाव होतं.

"दोंडाईचाला," मी म्हटलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर माझ्या शिशाच्या एप्रनच्या आरपार गेली. तेवढा क्ष-किरण आमच्या यंत्रात नाही. मग त्यांनी काखेतलं गाठोडं सोडलं. रोटाचे दिवस म्हणून मायलेकांनी वाटेत खायला घरचेच रोट बांधून आणले होते. अक्कांनी नर्सच्या हातातल्या गोळ्या घेतल्या, रोटावर ठेवल्या, गाठोडं कपाळाला लावलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या.

मग नानांना म्हणाल्या, "हाऊ भाऊ खरं सांगी राह्यना. दोंडाईचाले अशीच रीत शे. मी आयकेल शे. तोंड उघडा."

नानांनी तोंड उघडलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण अशा वेळी माझी अतिशयोक्ती रजेवर जाते. तार घातली. जाळीच्या तोंडाशी रक्ताची गाठ होती, पडद्यावर वाहिनी तिथे तुटल्यासारखी दिसत होती. साहेबांनी एक नळी गाठीपर्यंत नेली आणि पिचकारीने ती ओढून घेतली. वाहिनीतून रक्त धावलं आणि नेमक्या त्या क्षणी हृदयाचा ताल बिघडला. आलेख म्हणजे नुसती थरथर. नाना गेले. म्हणजे डोळे वर गेले, बोलणं बंद. मी शॉकचं यंत्र भरलं, साहेब म्हणाले बाजूला व्हा, आणि विजेचा झटका दिला. नानांचं अख्खं अंग टेबलावरून उचललं गेलं. मग रेघ सरळ झाली, मी मनातल्या मनात सगळ्या ओळखीच्या देवांची नावं घेतली आणि एक ठोका पडला. मग दुसरा. मग व्यवस्थित, टपटप, ठिबकसारखे.

नानांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "लाइट ऊनी का?"

मोटारीला लाइट कधी येते याची वाट बघण्यात जन्म गेलेला माणूस दुसरं काय विचारणार? साहेब मास्कच्या आत हसत होते. मी तर पंपाला धरून उभा होतो. नाहीतर उरलेली उंचीही त्याच दिवशी गेली असती.

"आली नाना," मी म्हटलं. "थ्री फेज आली."

त्या आठवड्यात नानांनी प्रत्येक गोळी रोटाला टेकवून घेतली. साहेबांनी एकदाही हरकत घेतली नाही. उलट पुढच्या श्रावणात खानदेशातला कोणीही पेशंट आला की साहेब पहिला प्रश्न विचारायचे, "कानबाई बसते का? मग गोळी नैवेद्यात ठेवा. दोंडाईचाची रीत आहे." मी आपला आलेखात डोकं घालून उभा.

तोवर माझी निवृत्ती झाली होती. साहेबांच्या विनवण्यांमुळे मी कधीमधी नव्या टेक्निशियनला शिकवायला जात होतो. (साहेब म्हणतात मीच विनवण्या करतो.) तेव्हा नानांचा फोन आला. "कानबाईना दर्शनले या."

गेलो. केळीच्या बागांमधून तापीकडे रस्ता उतरत जातो, तिथेच कडेला नानांचं घर. आत कानबाई बसलेली, नथ, हिरवा चुडा, समोर दिवा. आणि दिव्याच्या बाजूला पितळी परात. परातीत गोळ्यांच्या पट्ट्या. बीपीच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या. एका बाटलीत खोकल्याचं औषध. आणि एका कोपऱ्यात इन्सुलिनचं पेन, त्यालाही हळदकुंकू वाहिलेलं.

"बठ्ठी भाऊबंदकीनी औषधं शेतस," नाना अभिमानाने म्हणाले. वजन उतरलं होतं, चेहऱ्यावर तेज होतं. "तुमना आजोळनी रीत. आते पंचक्रोशीमा फिरी गयी. शेजारना गावले बी चालू शे."

मी मान हलवली. इतिहासाची जबाबदारी अंगावर आली की माणूस गंभीर होतो.

पाया पडून ओट्यावर येऊन बसलो. रोटाचे दिवस, तेव्हा चहाचीही अपेक्षा नव्हती. तेवढ्यात अक्कांनी आतून हाक मारली. पाट मांडला होता आणि ताट वाढलेलं होतं. रोट, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी.

मी उंबऱ्यावरच थांबलो. "अक्का, मी बाहेरचा आहे."

"बस," अक्का म्हणाल्या. "गहू लिधा तवय तुना नावना सव्वा मूठ बी लिधा व्हता."

हॉस्पिटलात त्या मला तुम्ही म्हणत होत्या, हे माझ्या पाटावर बसल्यावर ध्यानात आलं.

"पण अक्का, भाऊबंद..."

"यासना काळीज लगून जाई ऊना तू," नानांकडे हात करून अक्का म्हणाल्या. "मी इतला वरीस संसार कया, मी बी तठलगून पोचनी नही. तू बाहेरना कसा?"

नाना खो खो हसले आणि ओट्यावर आलेल्या माणसांकडे गेले. मी पहिला घास घेतला. तूप मनगटापर्यंत आलं, त्याच मनगटापर्यंत जिथून आम्ही लोकांच्या काळजात शिरायचो. अक्का खीर वाढायला खाली वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू? मनं माहेर दोंडाईचानंच शे."

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"तठे अशी काही रीत नही," अक्का म्हणाल्या. "आनि आमनी आळीमा कोना वैद्यले बी देवीपुढे बसाडं नही."

 मी म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलनू ना. आयकेल शे, असं बोलनू." त्यांनी वाटी पुन्हा काठोकाठ भरली. "तठे नव्हती. आठे आते शे. जेव."

मी जेवलो. रोट मागे ठेवायचे नसतात, त्यामुळे मी एकट्याने अर्धी टोपली संपवली. नाना म्हणतात दोन रोट खाल्ले. नाना तेव्हा ओट्यावर होते, त्यांना काय दिसणार?

हात धुऊन निघालो तर अक्का देवीपुढे उभ्या. "तू बी काही गोळी घेस का?"

मी म्हटलं, "मला काय झालंय? मी लोकांच्या गोळ्या बघणारा."

अक्कांनी पुन्हा तसंच पाहिलं, एप्रनच्या आरपार. या वेळी तर अंगात एप्रनही नव्हता.

मी मुकाट्याने खिशातून बीपीची पट्टी काढली. आठवडाभरापासून ती उघडलेलीच नव्हती, निवृत्त माणसाला कसलं आलंय बीपी म्हणून. ती पितळी परातीत, इन्सुलिनच्या पेनाशेजारी ठेवली. अक्कांनी तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.